पत्ता बदलला असल्यास कळवावे

माजी विद्यार्थी संघाचं काम माझ्याकडे आलं ते एका कार्यालयीन आदेशाच्या शेवटच्या ओळीतून. वर परीक्षा विभाग, शिष्यवृत्ती, तक्रार निवारण अशा समित्या, त्यांचे प्रमुख, आणि सगळ्यात खाली ‘माजी विद्यार्थी संघ व प्रसिद्धी : ग्रंथपाल’. ग्रंथपाल मी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, सकाळी साडेसातला भरणारं आमचं विधी महाविद्यालय. तीन वर्षांचा अभ्यासक्रम अनुदानित, पाच वर्षांचा विनाअनुदानित. पूर्णवेळ शिक्षक मोजके, बाकीचे तासिका तत्त्वावर येणारे वकील. तास संपला की तेच कोट घालून कोर्ट गाठतात. अशा ठिकाणी माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळा माणूस, खोली किंवा निधी असण्याचा प्रश्नच नव्हता. मला एका लोखंडी कपाटाची किल्ली मिळाली. कपाटात तीन वह्या होत्या.

त्या वह्या मी एका दुपारी वाचून काढल्या. नॅकच्या मूल्यांकनात पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या साहाय्याचा आणि त्यांच्या प्रगतीचा असे, आणि त्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा मुद्दा येई. नॅकची समिती यायची वेळ झाली की आमच्याकडे मेळावा व्हायचा. सह्या, फोटो, आभार, चहा. त्यानंतर पुढच्या समितीपर्यंत वहीत एक ओळ नाही. आलेल्यांपैकी कुणी सूचना केल्या होत्या, एकाने ग्रंथालयाला पंखे देऊ केले होते. त्यांना साधं उत्तरही गेलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ज्या विद्यार्थ्याला आपण फोटोपुरतं बोलावतो, त्याच्याकडे काही मागायचा आपल्याला हक्क नाही, असं माझं मत त्या दुपारी झालं आणि आजही ते तसंच आहे.

मोठ्या आणि जुन्या संस्थांची गोष्ट वेगळी. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राध्यापक होते, १९३५ मध्ये प्राचार्य झाले. पुण्याचं आयएलएस १९२४ चं, कोल्हापूरचं शहाजी विधी महाविद्यालय १९३३ चं. अशा संस्थांचे विद्यार्थी न्यायमूर्ती होतात, मंत्री होतात. त्यांची यादी वर्तमानपत्रंच ठेवतात. आमचे विद्यार्थी तालुक्याच्या कोर्टात भूसंपादनाचे आणि वाटणीचे दावे चालवतात, साखर कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी असतात, बँकेत विधी अधिकारी असतात, पोलिसात असतात, शाळेत शिकवतात. कित्येकांनी नोकरी सांभाळून, बढतीसाठी पदवी घेतली. त्यांची यादी आम्हालाच शोधून काढायची होती.

सुरुवात मी जनरल रजिस्टरपासून केली. जाडजूड, कापडी पाठीची रजिस्टरं. त्यातले पत्ते ‘मु. पो.’, ‘व्हाया’, ‘मारुती मंदिराशेजारी’ असे. फोनच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी रेघ, आणि जिथे आकडा होता तिथे पुढे ‘पी. पी.’, म्हणजे शेजाऱ्याचा नंबर. ते आकडे आता कुठेच लागत नव्हते. तेव्हा वाटलं, वकिलांना शोधायचं तर बाररूममध्येच जायला हवं. आठवड्यातून दोनदा, दुपारच्या सुट्टीत, मी वही घेऊन तिथे जाऊन बसू लागले. पहिल्या दिवशी मी वर्गणी मागायला आलेय असं समजून दोघे-तिघे उठून गेले. मी पैशाचं नाव काढलं नाही. फक्त चार गोष्टी विचारायची : पदवीच्या वेळचं नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, सनद क्रमांक आणि आत्ताचा पत्ता. सनद क्रमांक विचारण्याचं कारण असं की त्याच्या शेवटी साल असतं. त्यावरून माणूस साधारण कोणत्या बॅचचा हे कळतं, आणि एकाच नावाचे दोन पाटील वेगळे करता येतात. एकाने दुसऱ्याचं नाव सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. ‘तो आता वडूजला असतो’, ‘तो पार नोटरी झाला’, ‘तो वारला, मॅडम, तुम्हाला माहीत नाही?’ अशी ती वही भरत गेली.

भरत गेली, पण एकांगी. काही महिन्यांनी मी नावं मोजली तेव्हा लक्षात आलं की त्यात स्त्रिया फारच थोड्या आहेत. जनरल रजिस्टरमध्ये मुली भरपूर होत्या. पुढे त्या गेल्या कुठे? बाररूममधून शोधण्यात हीच उणीव होती. ज्यांनी सनदच घेतली नाही, त्या तिथे कशा सापडणार? लग्नानंतर नाव बदललं, गाव बदललं, आणि महाविद्यालयाच्या लेखी त्या माहेरच्या नावावरच थांबल्या. मग मी पन्नास पैशांची पोस्टकार्डं आणली आणि माहेरच्या पत्त्यांवर लिहायला बसले. मजकूर साधा होता : ‘आपली कन्या आमच्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी. तिचं हल्लीचं नाव व पत्ता कळवल्यास आनंद होईल.’ बरीच कार्डं परत आली, बऱ्याच कार्डांचं उत्तर आलं नाही. जी उत्तरं आली ती बहुतेक वडिलांची होती, वळणदार जुन्या अक्षरात. एका कार्डावर मात्र उत्तराऐवजी फोन आला.

“मॅडम, माझं नाव अजून आहे तुमच्याकडं?”

मी रजिस्टर उघडून तिचं नाव, वर्ष, गुण वाचून दाखवले. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “घरातल्या पोरांना ठाऊक नाही मी वकील शिकलीय ते.” तिला आम्ही पदवी प्रमाणपत्राची दुसरी प्रत काढायला मदत केली, कारण मूळ प्रत घर बदलताना हरवली होती. विद्यापीठाचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, शुल्क, सगळं मी आमच्या कार्यालयातून करून घेतलं. पुढे ती एका पतसंस्थेत वसुली विभागात कायदेशीर कामं पाहू लागली. माजी विद्यार्थी संबंध म्हणजे काय, याचं उत्तर मला त्या फोनवर मिळालं. गुणपत्रिकेची प्रत, बोनाफाईड, चारित्र्याचा दाखला यांपैकी काहीही मागायला माजी विद्यार्थी खिडकीशी आला, तर त्याला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवायचं नाही. मेळावा, स्मरणिका यांच्या फार आधी ही खिडकी येते. आमच्या लिपिकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि त्यांनी ते मनावर घेतलं याचं श्रेय त्यांचं.

प्रसिद्धीचं काम त्यामानाने सोपं असेल असं मला वाटलं होतं. चार पानांचं त्रैमासिक वार्तापत्र काढायचं ठरलं. डीटीपीवाले मजकूर श्रीलिपीत जुळवत. छपाईला तो उत्तम, पण तोच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की नुसती अनाकलनीय चिन्हं. म्हणून प्रत्येक अंक दोनदा टाइप व्हायचा : छपाईसाठी एकदा आणि युनिकोडमध्ये मोबाइलसाठी एकदा. दुसरं टाइपिंग मी रात्री घरी करत असे.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक गंभीर चूक झाली. आमच्या एका विद्यार्थ्याने गाजलेल्या खटल्यात आरोपीची निर्दोष सुटका मिळवली होती. मी कौतुकाने बातमी केली : फोटो, खटल्याचं नाव, खाली कार्यालयाचा पत्ता आणि फोन. अंक छापून आला त्या दिवशी ते वकीलसाहेब स्वतः ग्रंथालयात आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, “मॅडम, तुम्ही मायेनं केलंत. पण हे माझ्या सनदेवर येईल.” बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला छत्तिसावा नियम वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करायला मनाई करतो, आणि स्वतः चालवलेल्या खटल्याच्या संदर्भात आपलं छायाचित्र प्रसिद्धीला देणंही त्यात बसतं. नियमांचं ते पुस्तक माझ्याच कपाटात होतं. कायदा शिकवणाऱ्या संस्थेचं वार्तापत्र काढताना मी तो नियम उघडून पाहिला नव्हता. अंक वाटायचे थांबवले. पुन्हा छापायला पैसे नव्हते. दोन विद्यार्थिनी आणि मी, आम्ही तिघींनी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि ग्रंथालयाच्या टेबलावर बसून प्रत्येक प्रतीवर त्या बातमीच्या चौकटीभर डिंकाने चिकटवल्या. डिंक वाळेपर्यंत पानं चिकटू नयेत म्हणून प्रती बाकांवर उघड्या मांडून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाला आलेली मुलं त्या बाजूला सारून बसली.

त्यानंतर जिंकलेल्या खटल्यांच्या बातम्या आम्ही कधीच छापल्या नाहीत. त्या जागी ‘माझी पहिली तारीख’ हे सदर सुरू केलं. कोर्टात पहिल्यांदा उभं राहिल्याचा अनुभव माजी विद्यार्थ्यांनी लिहायचा. पक्षकाराचं नाव नाही, खटल्याचा निकाल नाही, फोन नंबर नाही. कुणी लिहिलं, पुकारा झाला तेव्हा आवाजच फुटला नाही. कुणी लिहिलं, सिनियरनी नुसता मुदतीचा अर्ज द्यायला पाठवलं होतं आणि न्यायाधीशांनी ‘कारण?’ एवढंच विचारलं तेव्हा कारणच ठाऊक नव्हतं. मुलं वार्तापत्रातलं हे सदर आधी वाचायची. मराठी माध्यमातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच वकील होऊ घातलेल्या मुलांना या लेखांनी किती धीर दिला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ग्रंथालयात त्या अंकांच्या झेरॉक्स हातोहात फिरत.

न्यायाधीश झालेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी जास्तच काळजी घेते. उच्च न्यायव्यवस्थेतल्या न्यायमूर्तींसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये जी आचारतत्त्वं स्वीकारली, त्यांत न्यायाधीशाने कोणत्याही कारणासाठी निधी गोळा करण्यात भाग घेऊ नये असं स्पष्ट आहे. तोच दंडक आम्ही आमच्या कनिष्ठ स्तरावरच्या न्यायाधीशांनाही लावला. त्यांना निधीचं पत्र जात नाही. अभिनंदनाचं जातं.

व्हॉट्सअ‍ॅपने काम हलकं झालं, हे खरं. पण त्यातही एक खाच होती. मी ब्रॉडकास्ट यादी करून निमंत्रणं पाठवत होते आणि निम्मी माणसं ‘आम्हाला काही आलंच नाही’ म्हणत होती. ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी आपला नंबर मोबाइलमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. मग विद्यार्थ्यांनी एकेकाला फोन करून ‘सर, हा महाविद्यालयाचा नंबर, सेव्ह करून ठेवा’ असं सांगितलं. या फोनमुळे जुनी माणसं जितकी जवळ आली तितकी एकाही मेळाव्याने आली नाहीत. पाच मिनिटांचा फोन अर्ध्या तासाचा व्हायचा. विचारपूस व्हायची : आम्हाला शिकवायचे ते सर आहेत का, मागचं चिंचेचं झाड आहे का.

यादी चांगली झाल्यावर ती मागणारेही आले. पुस्तक विक्रेते, विमा एजंट, आणि वकिलांच्या निवडणुकीला उभे राहिलेले उमेदवार. एका वजनदार माणसाने थेट वरून निरोप आणला. मी यादी दिली नाही. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, त्याच्या आधीची ही गोष्ट. माझ्यापाशी कायद्याचा आधार नव्हता; माणसांनी विश्वासाने दिलेला नंबर परस्पर तिसऱ्याला द्यायचा नाही, एवढंच होतं. त्या नकाराचे परिणाम मला काही काळ सोसावे लागले. पण त्यानंतर बाररूममध्ये लोक आपण होऊन पत्ते सांगू लागले.

पैशाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, आणि तो आला तेव्हा निराळीच अडचण पुढे आली. संघ नोंदणीकृत होता, बँकेत थोडी शिल्लक होती, पण ती काढता येत नव्हती. कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमच्या संघाने कित्येक वर्षं तो दिलाच नव्हता. सह्यांचे अधिकार असलेल्यांपैकी एकजण हयात नव्हते. धर्मादाय कार्यालयात काम करणाऱ्या आमच्याच एका माजी विद्यार्थी वकिलांनी विलंब माफीच्या अर्जासह सगळे चेंज रिपोर्ट क्रमाने दाखल केले, तारखांना उभे राहिले आणि फी घेतली नाही. वेळ लागला, पण खातं सुरू झालं.

माजी विद्यार्थ्यांकडून देणगी येते ती पुष्कळदा पुस्तकांची. जुने वकील गेले की मुलांचा फोन येतो : ‘बाबांची एआयआर घेता का?’ ऑल इंडिया रिपोर्टर, निवाड्यांचे नागपूरहून येणारे ते तांबडे खंड, भिंतभर. सगळे ठेवायला आमच्याकडे जागा नाही, आणि मुलं निवाडे आता संगणकावर शोधतात. नाही म्हणताना जीव तुटतो. म्हणून आम्ही काय हवंय ते नेमकं सांगायला शिकलो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, तेव्हा आम्ही संदेश पाठवला : ‘तिन्ही बेअर अ‍ॅक्टचा एक संच, एका विद्यार्थ्यासाठी.’ सभागृहासाठी देणगी मागितली असती तर जितके हात पुढे आले असते, त्याहून कितीतरी जास्त आले. ते संच आजही फिरतात. ऑल इंडिया बार परीक्षेला टिपणं नसलेला कोरा बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतो. त्यामुळे परीक्षेच्या आधी आम्ही खोडरबर घेऊन बसतो आणि आधीच्या मुलांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा पुसून पुढच्या मुलांना देतो.

पण या सगळ्याहून मोलाची मागणी एकच, आणि ती पैशात होत नाही. पदवी घेतलेल्या मुलाला कुणाच्या तरी ऑफिसात बसायला खुर्ची. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. आमच्या तालुक्यांत सिनियरची स्वतःचीच कमाई कित्येकदा तेवढी नसते. तरीही खुर्ची हवीच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्या वकिलीचं प्रमाणपत्र द्यायला दहा वर्षं वकिली केलेला वकील चालतो, त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा लागतो. पदवी मिळताच परीक्षेला बसायचं ठरवलेल्या आमच्या मुलींपुढे एकदम प्रश्न उभा राहिला : वकिली करायची, पण कुणाकडे?

त्यातली एक मुलगी दुष्काळी पट्ट्यातली, वडिलांची पिठाची गिरणी. घरात, भावकीत कुणी वकील नाही. मी वही उघडली आणि तिच्याच तालुक्याच्या कोर्टात काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ही बाई मला पोस्टकार्डांच्या काळात सापडलेली. मी म्हटलं, “ताई, पगाराचं नाही बोलत, एसटीच्या भाड्यापुरतं तरी बघा.” त्या म्हणाल्या, “मी वर्षभर सिनियरच्या दारात उभी राहून शिकले, मॅडम. तिला सोमवारी पाठवा. दुसरी खुर्ची मी आणून ठेवते.” मुलगी सोमवारी गेली. ती आता त्यांच्याबरोबर रोज बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, लिहिते, अर्ज टाइप करते, साक्षीपुराव्याच्या वेळी शेजारी बसते, आणि भाड्याचे पैसे महिन्याच्या एक तारखेला मिळतात.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांसाठी. आमचे काही वकील तिकडे कार्यालयं थाटत आहेत आणि पहिल्यांदाच ते आपण होऊन आम्हाला विचारत आहेत : ‘मॅडम, ज्युनिअर आहे का कुणी, मराठी चांगलं आणि इंग्रजी कामापुरतं?’ जिल्हा न्यायालयातला मराठी पुरावा उच्च न्यायालयासाठी इंग्रजीत न्यावा लागतो. ते काम आमच्या मुलांना जमण्यासारखं आहे. या मागण्यांसाठी मी वहीत नवा रकाना आखला आहे.

कपाटात आता तीनच्या जागी अकरा वह्या आहेत, आणि त्यांची एक प्रत संगणकावर. मी निवृत्त होईन तेव्हा या वह्या कुणाच्या हाती द्यायच्या, याची मला चिंता आहे; आदेशाच्या शेवटच्या ओळीत पुन्हा कुणाचं तरी नाव लिहून भागणार नाही, आठवड्याचे ठरलेले तास त्या माणसाला मिळायला हवेत. ही मागणी मी संस्थेकडे लेखी दिली आहे.

आणि तुम्ही स्वतः अशाच एखाद्या लहान विधी महाविद्यालयातून पदवी घेतली असेल, मग वकिली करत असा की नसा, तर त्याच्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. पदवीच्या वेळचं नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, सध्याचा पत्ता. आणि जागा उरली तर एवढं लिहा, की तुमच्या टेबलापाशी आणखी एक खुर्ची मावते का.